वारशाने आलेली सोन्याची नाणी : भाव विचारण्याआधी वर्गवारी

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा समजतो. काकांच्या पश्चात त्यांनी जमवलेली साठेक सोन्याची नाणी तुमच्याकडे आणि तुमच्या दोन भावंडांकडे आली आहेत. काही छोट्या कागदी पाकिटांत आहेत, काही प्लास्टिकच्या पानांच्या अल्बममध्ये, तर काही एका डब्यात सुटीच पडलेली आहेत. जुने सोने विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने ती सगळी एकदम काट्यावर टाकली, त्या दिवशीच्या भावातून काही टक्के वजा केले आणि एक ठोक रक्कम सांगून हा भाव आजच्यापुरताच आहे असे बजावले. तुमच्या भावाला व्यवहार उरकून टाकावासा वाटतो. तुम्हाला मात्र यात एखादे नाणे दुर्मीळ असेल अशी शंका आहे आणि म्हणून ही रक्कम रास्त आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

त्या रकमेबद्दल मला होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, आणि नाणी प्रत्यक्ष हातात न घेता तसे उत्तर देणाऱ्या कोणावरही तुम्ही विसंबू नये. नाण्यांची प्रत (म्हणजे ती किती सुस्थितीत आहेत), तुमच्या देशातले कर आणि वारसाहक्काचे नियम, पैशांची निकड आणि तुमच्या आवाक्यात असलेले खरेदीदार या सगळ्यांवर उत्तर अवलंबून आहे. परंतु वारसांच्या वतीने संग्रहांचे मूल्यांकन करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीने सांगतो. वारसांना फटका बसतो तो बहुतेक वेळा व्यापाऱ्याने टक्केवारी कमी दिल्यामुळे बसत नाही. तीन वेगवेगळ्या प्रकारचा माल एकाच काट्यावर, एकाच भावाने मोजू दिल्यामुळे बसतो. तुमच्या बाबतीत नेमके तेच होऊ घातले आहे.

हे तीन प्रकार असे. पहिल्यात ज्यांचे मोल केवळ धातूपुरते उरले आहे अशी नाणी येतात : कधीकाळी दागिन्यात बसवलेली आणि कडेला डाक दिल्याच्या खुणा असलेली, भोक पाडून बुजवलेली, घासून उजळवलेली, शिवाय नाण्यांसारखी दिसणारी पण चलनी मूल्य नसलेली स्मारकपदके. दुसऱ्यात गुंतवणुकीची नाणी येतात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे क्रुगरँड, कॅनडाचे मेपल लीफ, ब्रिटनचे ब्रिटानिया यांसारखी, ज्यांचा भाव सोन्याच्या भावाला बांधलेला असतो आणि जी नाणी म्हणूनच पुन्हा विकली जातात. तिसऱ्यात संग्राहकांची नाणी येतात, ज्यांची किंमत आतल्या सोन्यापेक्षा साल, टांकसाळ, दुर्मिळता आणि प्रत यांवर ठरते. पहिल्या प्रकाराला गाळणी करणारा गिऱ्हाईक लागतो, दुसऱ्याला नाण्यांचा व्यापारी आणि तिसऱ्याला संग्राहक किंवा त्याच्यापर्यंत पोहोचवणारे लिलावगृह. तिघांचे हिशेब वेगळे असतात. जुने सोने घेणारा नाणे वितळवणार असतो, त्यामुळे गाळणीचा खर्च आणि घट तो तुमच्या रकमेतून आधीच वजा करतो. नाण्यांच्या व्यापाऱ्याला तेच नाणे दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे विकायचे असते, म्हणून त्याला जास्त देणे परवडते. चांगल्या क्रुगरँडला मोडीचा भाव मिळाला तर त्यात लबाडी असेलच असे नाही. माल चुकीच्या दारी गेला एवढेच त्याचे कारण असू शकते.

वर्गवारी सुरू करण्याआधी एक कळकळीची विनंती. नाणी धुऊ नका, पुसू नका, उजळवू नका. मऊ कापडानेसुद्धा नाही. टांकसाळीत ठसा बसताना धातू केंद्राकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. न वापरलेले नाणे दिव्याखाली सावकाश कलते केले की त्या रेषांमुळे प्रकाशाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गरगर फिरताना दिसतो. कापडाचा एक हात फिरला की या रेषांवर ओरखडे पडतात आणि तो फिरणारा प्रकाश विझतो. भिंगातून पाहिले की एकाच दिशेने गेलेल्या केसांएवढ्या रेघा लगेच ओळखू येतात. डोळ्यांना नाणे अधिक लखलखीत दिसते, संग्राहकाच्या दृष्टीने मात्र ते तिसऱ्या प्रकारातून पहिल्यात उतरलेले असते, आणि हे नुकसान पुन्हा भरून येत नाही. नाणे नेहमी दोन बोटांनी कडेला धरावे, खाली मऊ कापड अंथरावे आणि त्यावर बोलतसुद्धा बसू नये, कारण थुंकीचे कण पडून डाग राहतात. अल्बमची पाने मऊ आणि उग्र वासाच्या प्लास्टिकची असतील तर त्यांतून कालांतराने चिकट, हिरवट थर सुटतो. अशी नाणी बाहेर काढून नाण्यांसाठी मिळणाऱ्या टणक, रसायनमुक्त डब्यांत ठेवावीत. थर काढण्याचे काम मात्र जाणकाराकडे सोपवावे.

तेवढीच काळजी कागदांची घ्या. काकांनी पाकिटांवर काही लिहिले असेल, जुनी बिले, लिलावाच्या चिठ्ठ्या, प्रमाणपत्रे किंवा टांकसाळीचे मूळ खोके असेल, तर ते ज्या नाण्याचे आहे त्याच्याच सोबत राहू द्या. नाणी नीट लावण्याच्या नादात पाकिटे फेकून देणारे वारस मी पाहिले आहेत. पाकिटावरची तारीख, विक्रेता आणि खरेदीची किंमत यांतून नाण्याचा माग लागतो आणि अस्सलपणाबद्दल खरेदीदाराची खात्री वाढते. आरशासारखी पार्श्वभूमी आणि दुधट, चकाकी नसलेले चित्र असलेली प्रूफ नाणी संचात असतील तर त्यांचा संच मोडू नका, कारण खोके आणि प्रमाणपत्रासह पूर्ण संचाला जे गिऱ्हाईक मिळते ते सुट्या नाण्यांना मिळत नाही.

आता यादी. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्यावा आणि देश, दर्शनी मूल्य, साल, राजा किंवा राणीचे नाव, टांकसाळीची खूण, व्यास आणि वजन यांची नोंद करून दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि व्यास मोजायला एक वर्निअर कॅलिपर पुरतो. कॅलिपरचे धातूचे जबडे घट्ट आवळू नका, नाहीतर कडेवर खूण उमटेल. हे काम कंटाळवाणे वाटते, पण रास्त भाव मिळवण्याचे निम्मे काम याच यादीत होते, कारण बहुतेक नाण्यांची मूळ वजने आणि कस प्रसिद्ध आहेत आणि तुम्हाला घरबसल्या पडताळून पाहता येतात.

नेहमी आढळणाऱ्या काही नाण्यांचे आकडे देतो. ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅम वजनाचा आणि २२ कॅरटचा असतो. त्यात शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. त्याचा व्यास २२.०५ मिलिमीटर. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडची २० फ्रँकची नाणी ६.४५ ग्रॅमची, ९०० कसाची (म्हणजे हजारात नऊशे भाग शुद्ध सोने), शुद्ध सोने ५.८१ ग्रॅम. जर्मन साम्राज्याचे २० मार्क ७.९६५ ग्रॅमचे, तेही ९०० कसाचे, शुद्ध सोने ७.१७ ग्रॅम. अमेरिकेचे जुने २० डॉलरचे नाणे ३३.४४ ग्रॅमचे, ९०० कसाचे, शुद्ध सोने ३०.०९ ग्रॅम. ऑस्ट्रियाचा डुकाट ३.४९ ग्रॅमचा पण ९८६ कसाचा. एक औंसाच्या आधुनिक नाण्यांमध्ये शुद्ध सोने ३१.१०३५ ग्रॅमच असते, कारण सोन्याचा औंस हा ट्रॉय औंस, म्हणजे मौल्यवान धातूंसाठीचे वेगळे माप, असतो. परंतु नाण्याचे एकूण वजन मात्र सारखे नसते. क्रुगरँड आणि अमेरिकन ईगल २२ कॅरटचे असल्याने काट्यावर ३३.९३ ग्रॅम भरतात, तर मेपल लीफ १९८२पासून ९९९.९ कसाचे असल्याने ३१.१० ग्रॅमच्या आसपास भरते. ब्रिटानिया २०१२पर्यंत २२ कॅरटची होती आणि २०१३पासून २४ कॅरटची झाली. चिनी पांडा २०१६पासून औंसाऐवजी ३० ग्रॅमचा झाला.

सरसकट तोलण्यात काय हरवते हे या आकड्यांतून दिसते. समजा दहा क्रुगरँड आणि दहा मेपल लीफ एकत्र तोलले. वजन भरले ६५०.३ ग्रॅम. व्यापाऱ्याने सगळा माल २२ कॅरटचा धरला तर त्याच्या हिशेबाने शुद्ध सोने ५९६.१ ग्रॅम. प्रत्यक्षात वीस नाण्यांत ते ६२२ ग्रॅम आहे. म्हणजे भाव, वटाव, घट यांबद्दल एक शब्दही निघण्याआधी जवळजवळ २६ ग्रॅम शुद्ध सोने हिशेबातून नाहीसे झाले, आणि हे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक आहे. त्यात एकदोन ९०० कसाची नाणी मिसळली आणि सगळ्या मालाला तोच कस लावला तर तोटा आणखी वाढतो. म्हणून माझा पहिला आग्रह असा की तुमची नाणी पुन्हा कोणीही एकत्र तोलू नयेत. प्रत्येक जात वेगळी, प्रत्येक जातीचा कस वेगळा आणि प्रत्येक ओळीची रक्कम वेगळी लिहून घ्यावी.

झिजेचाही विचार करावा लागतो, पण व्यापारी दाखवतात तेवढा नाही. सॉव्हरिन चलनात असताना ७.९४ ग्रॅमच्या खाली उतरला की तो चलनातून बाद होत असे, म्हणजे कायद्याने मान्य केलेली झीज केवळ पन्नास मिलिग्रॅमच्या घरातली होती. तुमचा सॉव्हरिन ७.९६ ग्रॅम भरला तर झिजेच्या नावाखाली दोन-तीन टक्के कापण्याला आधार नाही. उलट तो ७.८ ग्रॅम भरला तर जास्तीची झीज, दागिन्यात बसवताना घासलेली कड किंवा बनावट यांपैकी काहीतरी आहे असे समजून तो बाजूला काढावा.

दुसऱ्या ढिगाचे, म्हणजे गुंतवणुकीच्या नाण्यांचे काम तुलनेने सोपे आहे. त्यांचा आधार जाहीर असतो : लंडनच्या बाजारात कामकाजाच्या दिवशी दोनदा, तिथल्या वेळेनुसार सकाळी साडेदहा आणि दुपारी तीन वाजता, सोन्याचा आधारभूत भाव ठरतो, आणि चालू भाव तर क्षणोक्षणी पाहता येतो. नाण्यातले शुद्ध सोने गुणिले चालू भाव ही तुमची शंभर टक्क्यांची रेघ. यापुढे कोणी रक्कम सांगितली की ती रक्कम या रेघेच्या किती टक्के आहे हे काढायचे. तीन व्यापाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलेल्या रकमांची तुलना करता येत नाही, कारण मधल्या काळात भाव हललेला असतो. टक्केवारीची तुलना मात्र करता येते. जगभर ओळखल्या जाणाऱ्या आणि सुस्थितीतल्या गुंतवणुकीच्या नाण्याला ९५ टक्क्यांच्या खाली देकार आला तर मी कारण विचारतो, आणि समाधानकारक कारण न मिळाल्यास पुढच्या दारी जातो. हे आकडे मागणीप्रमाणे हलतात. सोन्याचा भाव झपाट्याने वाढला की विकणारे एकदम गर्दी करतात आणि देकाराची टक्केवारी उतरते, तर नवी नाणी मिळेनाशी झाली की हीच नाणी शंभर टक्क्यांच्या वरही जातात. त्या व्यापाऱ्याला तेच नाणे तो विकतो किती टक्क्यांना, हेही विचारा. खरेदी आणि विक्री यांतला फरक समजला की तो किती घासाघीस करू शकेल याचा अंदाज येतो.

इथे एक सावधगिरी. नाण्यावर जुने साल दिसले की ते दुर्मीळ असे मानू नका. ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने १०० आणि २० कोरोना तसेच १ आणि ४ डुकाट ही नाणी १९१५ हेच, तर १० कोरोना १९१२ हेच साल कायम ठेवून पुढे कित्येक वर्षे पाडली. मेक्सिकोचे ५० पेसोचे वजनदार नाणे, ज्यात ३७.५ ग्रॅम शुद्ध सोने असते, तेही १९४७ हे साल ठेवून नंतर पुन्हा पाडण्यात आले. ही अस्सल आणि सहज विकली जाणारी नाणी आहेत, पण त्यांची जागा दुसऱ्याच ढिगात आहे. महागड्या मखमली पेटीत आलेली, मर्यादित आवृत्ती म्हणून विकली गेलेली अनेक आधुनिक स्मारकनाणी आणि पदकेही शेवटी धातूच्याच भावाला उतरतात. काकांनी त्यांच्यासाठी दिलेली रक्कम बिलावर दिसली तरी ती परत मिळेल अशी आशा धरू नका.

तिसरा ढीग लहान निघण्याचीच शक्यता जास्त आहे. पण संग्रहाच्या एकूण किमतीचा मोठा वाटा कधी कधी त्या चार-पाच नाण्यांत असतो, म्हणून इथे घाई करू नका. उदाहरण म्हणून सॉव्हरिनच घ्या. पाचव्या जॉर्जच्या काळातल्या सॉव्हरिनच्या मागच्या बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली साल असते. त्या सालाच्या मधोमध वर, घोड्याच्या पायांखालच्या जमिनीच्या रेषेवर एक इवलेसे अक्षर असते किंवा नसते. एस म्हणजे सिडनी, एम म्हणजे मेलबर्न, पी म्हणजे पर्थ, सी म्हणजे ओटावा, आय म्हणजे मुंबई, एसए म्हणजे प्रिटोरिया. मुंबईत हे नाणे फक्त १९१८ सालचे पाडले गेले. अक्षर नसेल तर नाणे लंडनचे. आता १९१७ साल पाहा. त्या सालचे सिडनीचे किंवा पर्थचे नाणे सर्वत्र मिळते आणि सोन्याच्या भावाने जाते. लंडनचे मात्र, म्हणजे अक्षर नसलेले, अत्यंत दुर्मीळ आहे. ते सुमारे दहा लाख पाडले गेले होते, पण पहिल्या महायुद्धातल्या देण्यांसाठी त्यांतले बहुतेक बाहेर गेले आणि वितळवले गेले असे मानले जाते. किती नाणी पाडली या आकड्यावरून दुर्मिळता ठरत नाही, किती उरली यावरून ठरते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एका बाजूने पडणारा प्रकाश आणि नाण्यामागे दोन-तीन मिनिटे, एवढे केले की तुमच्या सॉव्हरिनमध्ये असे काही आहे का ते समजेल. अर्थात याच दुर्मिळतेमुळे १९१७च्या लंडन सॉव्हरिनच्या नकलाही फिरतात, तेव्हा अक्षर दिसले नाही म्हणून हुरळून जाऊ नका. अस्सलपणा तज्ज्ञाकडून ठरवून घ्या.

नकलांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. विसाव्या शतकाच्या मध्यावर लेबनॉनमध्ये सॉव्हरिनच्या नकला मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येकांत सोने पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण कसाचे होते. त्यामुळे सोने खरे आहे म्हणून नाणे खरे आहे असे होत नाही. अशा नकलेची किंमत धातूइतकी राहते, संग्राहकाच्या नाण्याइतकी नाही. दुसरीकडे, सोन्याचा मुलामा दिलेली टंगस्टनची नाणीही बाजारात येतात, कारण टंगस्टनची घनता शुद्ध सोन्याच्या अगदी जवळ आहे. व्यापाऱ्याकडचे एक्सआरएफ यंत्र, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारे यंत्र, पृष्ठभागाचा पातळ थरच वाचते, म्हणून जाड मुलाम्यापुढे ते एकटे पुरत नाही. वजन, व्यास, जाडी आणि विद्युतवाहकता यांची एकत्र तपासणी अधिक भरवशाची. पाण्यात वजन घेऊन घनता काढण्याची जुनी रीतही उपयोगी आहे : अस्सल सॉव्हरिन पाण्यात सुमारे ०.४५ ग्रॅमने हलका भरतो. या सगळ्या तपासण्यांत नाण्याला ओरखडासुद्धा पडत नाही. कोणी कानस लावू, आम्लाचा थेंब टाकू किंवा कड कापून पाहू म्हणाला तर नाणे उचलून परत घ्या. कोणी नाणे खोटे आहे असे सांगितले तर ते तुमच्यासमोर, यंत्रावर दाखवायला सांगा. तपासून ठेवतो म्हणून ठेवून घेऊ देऊ नका.

तिसऱ्या ढिगातल्या नाण्यांसाठी प्रतीचे मानांकन करून घ्यावे का, हा प्रश्न इथे येतो. १ ते ७० अशा श्रेणीत प्रत ठरवून नाणे टणक, मोहोरबंद खोळीत देणाऱ्या संस्था आहेत. पीसीजीएस आणि एनजीसी या त्यांतल्या सर्वांत परिचित. खोळीतल्या नाण्याचा अस्सलपणा आणि प्रत यांवर वाद राहत नाही, म्हणून दूरचा संग्राहकही निर्धास्तपणे बोली लावतो. पण प्रत्येक नाण्यामागे शुल्क, टपाल आणि विमा लागतो. माझा नियम साधा आहे : मानांकनामुळे अपेक्षित किंमत खर्चाच्या किमान तिपटीने वाढेल असे वाटले तरच नाणे पाठवावे. साध्या सालचे, हातोहात फिरलेले नाणे पाठवण्यात अर्थ नाही. घासलेले नाणे तर मुळीच पाठवू नये, कारण त्याला आकड्याऐवजी दोषाचा शेरा मिळतो आणि तो शेरा खोळीवर कायमचा छापला जातो.

किंमत शोधताना विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती बाजूला ठेवा. मागणारा काहीही मागू शकतो. लिलावगृहांच्या मागील निकालांत त्याच सालचे, त्याच टांकसाळीचे आणि त्याच प्रतीचे नाणे प्रत्यक्ष कितीला गेले ते पाहावे आणि एकाच निकालावर न थांबता चार-पाच निकाल पाहावेत. आपल्या नाण्याची प्रत आपणच ठरवताना मन नेहमी वरच्या श्रेणीकडे झुकते, म्हणून एक श्रेणी खाली धरून हिशेब करावा.

एवढे झाल्यावर, आणि तिसऱ्या ढिगात काही सापडले असेल तरच, स्वतंत्र मूल्यांकन करून घ्या. मूल्यांकन करणारा तुमची नाणी विकत घेणारा नसावा आणि त्याचे मानधन ठरावीक असावे, नाण्यांच्या किमतीच्या टक्क्यांत नसावे. मूल्यांकन कशासाठी हवे आहे ते त्याला आधी स्पष्ट सांगा. विम्यासाठीचे मूल्य म्हणजे हरवलेले नाणे नव्याने दुकानातून घ्यायला लागणारी रक्कम. विक्रीचे मूल्य म्हणजे तुमच्या हाती पडणारी रक्कम. या दोहोंत मोठे अंतर असते. काकांच्या कागदांत एखादे जुने मूल्यांकन सापडले आणि त्यातला आकडा व्यापाऱ्याच्या देकारापेक्षा कितीतरी मोठा दिसला, तर व्यापाऱ्यावर संशय घेण्याआधी ते मूल्यांकन कशासाठी केले होते ते वाचा. अनेक देशांत मृत्यूच्या दिवशीचे मूल्य पुढे कराच्या हिशेबात धरले जाते, म्हणून त्या तारखेचेही मूल्य त्याच वेळी लिहून घेतलेले बरे. कर आणि जुनी नाणी देशाबाहेर पाठवण्यावरचे निर्बंध यांबद्दल तुमच्या देशातल्या कर सल्लागाराला विचारा. ते नियम जागोजागी निराळे आहेत.

विक्रीच्या मार्गांपैकी लिलावाबद्दलच थोडे खोलात जातो, कारण गैरसमज तिथे अधिक आहेत. लिलावगृह तुमच्याकडून कमिशन घेते, शिवाय छायाचित्रण आणि विम्याचे शुल्कही लावू शकते. खरेदीदाराकडूनही ते वेगळे शुल्क घेते, जे बोलीच्या वीस टक्क्यांच्या आसपास असणे नवलाचे नाही. हे शुल्क खरेदीदार भरतो म्हणून आपल्याला त्याचे काय, असे वारसांना वाटते. पण अनुभवी संग्राहक एकूण किती खर्च करायचा ते आधी ठरवतो आणि त्यातून शुल्क वजा करून बोली लावतो, म्हणजे शेवटी ते तुमच्याच किमतीतून जाते. म्हणून लिलावगृहांची तुलना करताना खरेदीदाराने मोजलेल्या शंभरातले तुमच्या हाती किती पडतात एवढेच विचारा. कमिशनवर घासाघीस होते. दुर्मीळ नाण्यांसाठी ते बरेच कमीही होते. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली नाणे विकायचे नाही अशी किंमत, ठेवता येईल का, नाणे न विकल्यास काही शुल्क आहे का आणि पैसे किती दिवसांत मिळतील, हे करारात असू द्या. गुंतवणुकीची नाणी लिलावात पाठवण्यात सहसा अर्थ नसतो, कमिशनच फायदा खाऊन टाकते. ओळखीच्या संग्राहकाला थेट विकल्यास मधली दलाली वाचते, पण ओळख पटवणे, पैसे खात्यात जमा झाल्याखेरीज नाणे न देणे आणि व्यवहार बँकेसारख्या सुरक्षित जागी करणे ही जबाबदारी तुमची राहते.

कोणताही मार्ग निवडा, देकार ओळवार आणि लेखी घ्या. एकगठ्ठा देकारात गोम अशी असते की व्यापारी पंचावन्न साध्या नाण्यांना खरोखर चांगला भाव देतो, तुम्ही तो पडताळून समाधानी होता, आणि पाच दुर्मीळ नाणी त्याच भावात त्याच्या खिशात जातात. ओळवार देकार मागितला की तो कोणत्या नाण्यावर रेंगाळतो हेही दिसते. एखादा व्यापारी बाकीचे सोडून दोनच नाणी मागू लागला तर ती दोन त्या दिवशी विकू नका, आधी त्यांचा शोध घ्या. सगळा संग्रह एकदम घेऊन फिरू नका. यादी आणि छायाचित्रे दाखवा आणि प्राथमिक देकार आल्यावरच निवडक नाणी न्या.

भावंडांचा प्रश्न तुम्ही ओझरता मांडला आहे, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. यादी तयार झाली की ती तिघांना एकाच वेळी द्या आणि कोणाला आठवण म्हणून काही ठेवायचे असल्यास विक्रीआधी सांगायला सांगा. वाटणी नाण्यांच्या संख्येवर करू नका, मूल्यावर करा. ठेवलेल्या नाण्याची किंमत स्वतंत्र मूल्यांकनातली धरा आणि ती त्याच्या वाट्यातून वळती करा. विकण्याचा अधिकार कोणाला, किमान किती टक्क्यांना आणि पैसे कोणत्या खात्यात येणार हे एका कागदावर लिहून तिघांनी सह्या कराव्यात. भावाची घाई मी समजू शकतो. त्याला सांगा की दुसरा ढीग वेगळा झाला की तो आठवड्याभरात विकून रोख रक्कम हाती घेता येईल आणि थांबावे लागेल ते फक्त तिसऱ्या ढिगासाठी.

आता त्या व्यापाऱ्याकडे परत जायचे असेल तर यादी घेऊन जा आणि त्याने सांगितलेल्या रकमेला तुमच्या यादीतल्या एकूण शुद्ध सोन्याने भागून, त्या दिवशीच्या भावाच्या किती टक्के होते ते त्याच्यासमोर मांडा. तो आकडा ९७-९८ टक्के निघाला आणि नाणी खरोखर साधीच असली तर माणूस सचोटीने वागला आहे, आणि दुसरा ढीग त्यालाच द्यायला माझी हरकत नाही. आजच्यापुरताच भाव या म्हणण्याबद्दल मात्र त्याला एवढेच विचारा : सोन्याचा भाव रोज बदलतो हे मान्य, पण त्या भावाच्या किती टक्के तुम्ही द्याल हे रोज बदलायचे कारण नाही, तेव्हा ती टक्केवारी पुढच्या दोन आठवड्यांसाठी लिहून द्याल का? ज्याला तुमची नाणी खरोखर हवी आहेत, तो बहुधा लिहून देतो.